सातवा फुगा कुठे बसवायचा?

हेक्झाक्लोरोटेल्युरेटने (मधे टेल्युरियम, भोवती सहा क्लोरीन, वर दोन ऋणभार) परवा रात्री दीडपर्यंत जागवलं आणि तरी त्याच्या आकाराचं फुग्यांचं मॉडेल चुकलंच. इलेक्ट्रॉनांच्या जोड्या एकमेकींना दूर ढकलतात, म्हणून एका जोडीला एक फुगा.

हिशोब सरळ होता. टेल्युरियमचे बाहेरचे इलेक्ट्रॉन 6, सहा क्लोरीनचा एकेक, ऋणभाराचे 2. एकूण 14, म्हणजे सात जोड्या: सहा बंध, एक लोन पेअर, म्हणजे बंधात न अडकलेली जोडी. नेहमीसारखे सात फुगे गाठीशी बांधले, लोन पेअरचा लाल. पाच कमरपट्ट्यासारखे बसले, एक वर, एक खाली. लाल कुठेही नेला तरी उरलेले सहा सारखे बसेनात. 'वाकडा अष्टफलक' असं वहीत लिहून झोपलो. सकाळी स्फटिकांची क्ष-किरण मापं पाहिली तर नियमित अष्टफलक, शेजारच्या क्लोरीनमध्ये सगळीकडे 90 अंश! लाल फुग्याचा पत्ताच नाही.

दोन दिवस डोकं खाल्ल्यावर उलगडलं. ती जोडी 5एस कक्षकात (इलेक्ट्रॉनच्या गोलाकार जागेत), अणूभोवती सगळीकडे सारखी पसरलेली असते. सहा धिप्पाड क्लोरीनच्या गर्दीत तिला एका बाजूने डोकं काढायला जागा मिळत नाही. मोजणी बरोबर होती. प्रत्येक जोडीला एक दिशा द्यायची आपली सवय नडली. मग तिला दाखवायचं कसं? तिच्यामुळे बंध लांबतात, म्हणून मधला थर्माकोलचा गोळाच मोठा घेतला. लाल रंगवला. बरा दिसतोय.

नायट्रोजनचं त्रिकूट मात्र झकास जमलं. मधे नायट्रोजन, दोन बाजूंना ऑक्सिजन: नायट्रोनियम 180 अंश, डायऑक्साइड 134, नायट्राइट 115. आधी नायट्रोजनवर सुटं काहीच नाही, मग एकटा इलेक्ट्रॉन, मग पुरी जोडी. कोन कसा मिटत जातो ते एका फळीवर दिसतं. कोनमापक आणि बांबूच्या काड्या, एवढंच लागलं. तयार किटमध्ये हे जमत नाही, त्यातल्या चार भोकांच्या गोळ्यांना 109.5 सोडून दुसरा कोनच ठाऊक नाही. अमोनियमला ठीक, पण 107 चा अमोनिया त्यात कसा बसवायचा? (आणि थर्माकोलला पांढरा फेव्हिकॉलच लावा. रबरवाल्या चिकटवणीने माझे दोन गोळे विरघळवले.)

पुढचा नंबर झेनॉन हेक्झाफ्लोराइडचा होता. पण हे लिहिताना ते सात फुगे समोरच पडलेत आणि आत्ता लक्षात येतंय, वरचा आणि खालचा असे दोन लाल केले तर कमरपट्ट्यातले पाच फ्लोरीन होतात! झेनॉनचे 8, फ्लोरीनचे 5, भाराचा 1, पुन्हा 14. हा तर 1991 साली जाहीर झालेला पंचकोनी, सपाट पेंटाफ्लोरोझेनेट, 72 अंशांचा. हेक्झाफ्लोराइड राहू दे. एक फुगा मऊ पडायला लागलाय, आधी फोटो काढतो.