पाकिटावरचे ५५ रुपये ४६ पैसे

दुपारी पोस्टमनकाकांनी पाकीट हातात दिलं. आत शिवराई होती, शिवाजी महाराजांच्या नावाचं जुनं तांब्याचं नाणं. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. झिजलेली, पण अक्षरं बोटाला लागतात. आठ दिवस वाट पाहिली होती या नाण्याची.

आईने पाकीट उलटं करून पाहिलं आणि विचारलं, "अरे, यावर तर पंचावन्न रुपयेच लिहिलंय. तू किती भरलेस?"

नाण्याच्या किमतीशिवाय, नुसत्या शिपिंगचे म्हणून मी २५० भरले होते.

स्पीड पोस्टचं लेबल समोरच होतं. वजन ३५ ग्रॅम, रक्कम ५५.४६. पाकीट साधं खाकी, आत पुठ्ठ्याचा एक तुकडा. ऑनलाइन लिलावात नाण्याची बोली ३२० ला सुटली, तेव्हा स्वस्तात मिळालं म्हणून केवढा खूश झालो होतो!

लिलावाच्या साइटला फोन केला. पलीकडची मुलगी नम्रपणे म्हणाली, "सर, शिपिंग चार्जेस फिक्स असतात, आधीच लिहिलेले होते."

लिहिले होते, खरंय. पण त्याला 'शिपिंग' का म्हणायचं? पॅकिंगचे, माणसाच्या मेहनतीचे पैसे घ्या की, आनंदाने देईन. तसं नाव देऊन मागा. पोस्टाचा दर तर वजन आणि अंतरावर ठरतो, पावतीवर पैशांपर्यंत छापून येतो. त्याच्या नावावर चौपटीहून जास्त घेतले, हे मनाला लागलं.

दोनशे रुपयांनी मी गरीब होणार नाही. पण शाळकरी पोरंही साठवलेल्या पैशांतून बोली लावतात हो.

तुम्ही पाकिटावरचं लेबल कधी वाचलंय का?