तीन ओव्या कुठे गेल्या?

जुलै २०२४ मध्ये माझ्या पीएचडीच्या मार्गदर्शक सरांनी प्रबंधाचं शेवटचं प्रकरण परत दिलं आणि म्हणाले, "झालं आता. सिनॉप्सिस टाका आणि बाइंडिंगच्या मागे लागा." (सिनॉप्सिस म्हणजे प्रबंधाआधी द्यायचा सारांश.) मी घरी येऊन शिरा केला. त्यानंतरचे पाच महिने कशात गेले ते सांगते, कारण प्रबंध लिहून झाल्यावर काय वाढून ठेवलेलं असतं याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

विषय होता खटाव-माणमधल्या जात्यावरच्या ओव्या. नोंदणी जानेवारी २०१७ ची. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१६ च्या नियमांप्रमाणे सहा वर्षं, बाईमाणसाला आणखी दोन. म्हणजे जानेवारी २०२५ ला दार बंद. मधे तासिका तत्त्वावरची नोकरी आणि एक बाळंतपण. (त्याच नियमांत अख्ख्या पीएचडीत एकदा २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजेची सोय आहे. हे मला कळलं तेव्हा लेक बालवाडीत जात होती. तुम्ही नियम आधी वाचा.)

पहिला दणका टायपिंगचा. आमच्या डीटीपीवाल्या दादांनी सगळा मजकूर श्रीलिपी या जुन्या फाँटात टाइप केला होता. दिसायला देखणा. साम्य तपासणीसाठी (मजकूर दुसरीकडून उचललाय का, हे सॉफ्टवेअर बघतं) ग्रंथालयात पीडीएफ दिली आणि अहवाल आला शून्य टक्के. मी हरखले. सर नाही हरखले. "ओव्यांनी भरलेल्या प्रबंधात शून्य? अहो, त्याला तुमचं एक अक्षर वाचता आलेलं नाही!"

तसंच होतं. जुन्या फाँटात पडद्यावर मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं नि चिन्हं. पीडीएफमधली एक ओळ उचलून मोबाईलवर चिकटवली तर नुसता कचरा. तो शून्याचा दाखला जोडून मोकळी हो, असं दोघा सहकाऱ्यांनी सुचवलंही. मोह झाला नाही असं म्हणणार नाही. पण सरांना कळून चुकलं होतं, त्यामुळे प्रामाणिकपणाचं श्रेय मी घेत नाही.

युनिकोडमध्ये रूपांतर एका संध्याकाळी झालं. दुरुस्तीला महिना लागला. रफार भलत्याच अक्षरावर, ऱ्हस्व वेलांट्या शेजारच्या घरी, 'दुसऱ्या'चं जिथे तिथे 'दुसर्या'. आणि हे वाचतानाच वेगळंच काही सापडलं. दादांनी मायेपोटी माझी बोली शुद्ध करून ठेवली होती. 'न्हाई'चं 'नाही', 'व्हतं'चं 'होतं'. विचारलं तर म्हणाले, "ताई, पीएचडीला असं अशुद्ध चालतं का? मी सुधारून दिलं." त्यांना काय बोलणार! रात्री लेक झोपली की कानात रेकॉर्डिंग लावायचं, एक ओवी ऐकायची, एक तपासायची.

दुसरा अहवाल आला २७ टक्के. यूजीसीच्या वाङ्मयचौर्याबद्दलच्या २०१८ च्या नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंत ठीक, त्यापुढे दुरुस्ती करून पुन्हा द्यावं लागतं. मी गळपटले, पण ग्रंथपाल मॅडमनी पानं उलटून दाखवली. बहुतेक लाल रंग ओव्यांवर होता. 'पहिली माझी ओवी' हे काय माझ्या एकटीचं आहे? संदर्भासह दिलेली अवतरणं आणि संदर्भसूची वगळता येते. पण मी ओव्या नुसत्या समास सोडून मांडल्या होत्या, अवतरणचिन्हं दिली नव्हती, त्यामुळे सॉफ्टवेअरला ते सगळं माझंच लिखाण वाटलं. म्हणून प्रत्येक ओवीला हातानं चिन्हं घालायला बसले. पुढच्या अहवालात आकडा आठवर आला.

चिन्हं घालता घालता मी सहज मोजत गेले. ४०९.

सिनॉप्सिसमध्ये ४१२. पहिल्या प्रकरणात ४१२. तिसऱ्यातल्या तक्त्याची बेरीज ४१२. दोन रात्री मी तीन ओव्या शोधत होते. नवरा म्हणाला, "तीनानं काय होतंय?" त्याला काय ठाऊक, सगळी टक्केवारी त्या बेरजेवर उभी होती.

उलगडा क्षेत्रकार्याच्या वहीत झाला. २०१८ साली एका गावात एका आजींकडून ओव्या घेतल्या होत्या. दीड वर्षानं दुसऱ्या गावात दुसऱ्या आजींनी त्यातल्या तीन म्हटल्या, शब्द न् शब्द तशाच. पुनरुक्ती म्हणून मी त्या कधीतरी परिशिष्टातून काढल्या आणि तक्ता बदलायचा राहिला. पण इतक्या तंतोतंत कशा? दोन्ही रेकॉर्डिंगं एकापाठोपाठ लावली. आवाज एकच होता! पहिल्यांदा आजी माहेरी जत्रेला आल्या होत्या आणि माहेरच्या माणसांनी त्यांचं लग्नाआधीचं नाव सांगितलं. दुसऱ्यांदा त्या सासरी भेटल्या, तिथे लग्नात बदललेलं नाव. मी बावळट, दोन नावं पाहून दोन बाया लिहिल्या. चेहरा कसा लक्षात आला नाही याची अजून लाज वाटते. ३८ गायिकांच्या ३७ झाल्या, आणि ३८ हा आकडा प्रबंधात एकवीस ठिकाणी होता.

नो ड्यूज, फीच्या पावत्या, सह्या यांत डिसेंबर गेला. शेवटच्या आठवड्यात प्रबंध जमा केला.

व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, ऑगस्ट २०२५ मध्ये झाला. विभागातले प्राध्यापक, चार-पाच संशोधक विद्यार्थी, मागच्या बाकावर माझा नवरा. मी सिद्धांताच्या प्रकरणाची घोकंपट्टी करून गेले होते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सिनॉप्सिस उघडला आणि पहिलाच प्रश्न टाकला, "इथे ३८ गायिका, प्रबंधात ३७. एक बाई कुठे गेली?"

सांगितलं सगळं, अगदी बावळटपणासकट. ते हसतील असं वाटलं होतं. ते पुढे झुकले आणि म्हणाले, "हे प्रबंधात का नाही?" मग माहेरी म्हटलेल्या आणि सासरी म्हटलेल्या ओव्यांत विषय बदलतात का, यावरच वीस मिनिटं गेली. सिद्धांताचं कुणी नाव काढलं नाही. शेवटी त्यांनी अट घातली की शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, जाणाऱ्या प्रतीत ही हकिगत तळटीप म्हणून आली पाहिजे.

दुसऱ्या दिवशी दादांकडे गेले. त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि माऊसवर हात ठेवून विचारलं, "ताई, डिस्क भरलीय. तुमची फाईल उडवू आता?"

"थांबा दादा," म्हटलं, "एक तळटीप राहिलीय. आणि तीत 'न्हाई' आहे, ते तसंच ठेवायचं."