आमची वाटचाल: अळीनं खावीत म्हणून वाढवलेली रोपं

"ताई, तुमच्याकडून नेलेल्या रोपाला अळी लागलीय. काय फवारू?"

फुलपाखरांसाठी रोपं विकायला लागलो त्या पहिल्या हंगामात असे फोन जवळजवळ रोज यायचे. विचारणाऱ्याचं काहीच चुकत नव्हतं. झाडाला अळी लागली की औषध मारायचं, हेच आपण सगळे लहानपणापासून बघत आलोय. पण ते रोप हळदीकुंकवाचं होतं, म्हणजे मिल्कवीड या रुईच्या नात्यातल्या, चीक असणाऱ्या झाडांच्या घराण्यातलं, आणि फुलपाखराच्या अळीनं ते खावं म्हणूनच आम्ही ते दिलं होतं. फोनवर हे समजावताना सुरुवातीला मलाच अवघड जायचं. पैसे घेऊन दिलेल्या रोपाची पानं गेली तर आनंद माना, असं ग्राहकाला कसं सांगायचं?

मी आणि माझी धाकटी बहीण, दोघींनी मिळून ही रोपवाटिका काढली तेव्हा फुलपाखरं डोक्यात नव्हतीच. मोठ्या रोपवाटिकेतून तयार रोपं आणायची, कुंड्या बदलायच्या, थोडी वाढवायची आणि विकायची, एवढाच धंदा. हळदीकुंकू त्यातलंच एक, लाल-पिवळ्या फुलांच्या गुच्छांमुळे चटकन उचललं जाणारं.

एका सकाळी पाणी घालताना एक केशरी फुलपाखरू त्याच रांगेत घुटमळताना दिसलं. पंखांच्या टोकाला काळा पट्टा, त्यात पांढरे ठिपके. मराठीत त्याला बिबळ्या कडवा म्हणतात, इंग्रजीत प्लेन टायगर. ते फुलांकडे ढुंकूनही बघेना. पानाच्या कडेला बसायचं, पोटाचं टोक वळवून पानाखाली क्षणभर टेकवायचं आणि उडायचं. मी पान उलटून बघितलं. खसखशीच्या दाण्याएवढं, पांढुरकं, उभ्या बारीक रेघांचं एकच अंडं. चौथ्या दिवशी त्याचं टोक काळं झालं, कवचातून अळीचं डोकं दिसत होतं. बाहेर आल्यावर तिनं आधी स्वतःचं कवच खाल्लं, मग पानाला तोंड लावलं. पुढचे बारा-तेरा दिवस दुकान बहिणीनं सांभाळलं आणि मी त्या कुंडीपाशी बसून राहिले, असंच म्हणायला हवं. काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी, पाठीवर मऊ काळ्या शिंगांसारख्या तीन जोड्या. तिची भावंडं म्हणावीत अशा, मोनार्क या अमेरिकेतल्या केशरी फुलपाखराच्या अळीला दोनच जोड्या असतात. मग हिरवा कोष, त्यावर सोनेरी ठिपके. नवव्या दिवशी कोष पारदर्शक झाला आणि आतले केशरी पंख दिसू लागले.

मग आम्ही ठरवलं की फुलपाखरांसाठीच रोपं विकायची. उत्साहात एका पुरवठादाराकडून मोठी खेप मागवली. आठवडाभरात त्यावर अंडी पडली, अळ्या निघाल्या, आणि दुसऱ्या दिवशीपासून त्या मरायला लागल्या. पानावरच्या पानावर सैल पडायच्या, तोंडातून हिरवं पाणी यायचं आणि खाली मातीत गळायच्या. आम्ही पानं धुऊन बघितली, कुंड्या हलवून बघितल्या, कशाचाही उपयोग झाला नाही. शेवटी पुरवठादाराला विचारलं तेव्हा कळलं की रोपांना आंतरप्रवाही कीटकनाशक दिलेलं होतं. हे औषध मुळातून शिरून रसाबरोबर साऱ्या झाडात फिरतं, पानात, परागात, मधुरसातसुद्धा. धुऊन ते जात नाही. फुलझाड टवटवीत दिसावं म्हणून ते देतात आणि नुसत्या शोभेच्या झाडाला त्यानं काही बिघडत नाही. पण फुलपाखराला बोलावून त्याच्या पिल्लांना विषारी ताट वाढायचं काम आम्ही केलं होतं. त्या खेपेतली काही रोपं आधीच विकली गेली होती. बहिणीनं वही काढून एकेकाला फोन केला, रोपं परत घेतली, पैसे दिले. त्या महिन्यात हातात काहीच उरलं नाही. तेव्हापासून आमच्याकडे दारात येणारं प्रत्येक मिल्कवीड आमच्याच ट्रेमध्ये बियांपासून उगवलेलं असतं.

बी धरणं हे वेगळंच काम निघालं. रुईची म्हातारी लहानपणी कुणी पकडली नाही? हवेत तरंगत येणारा तो रेशमी झुबका आणि त्याला लोंबकळणारं चपटं तपकिरी बी. हळदीकुंकवाचंही तसंच. शेंग एका शिवणीवर उकलते आणि वारा आला की दुपारपर्यंत सगळं बी गावभर. पहिल्या वर्षी आमचं निम्मं बी असंच उडालं. आता शेंग फुगून पिवळसर होऊ लागली की तिला रबरबँड लावतो किंवा पातळ कापडाची पिशवी बांधतो. शिवण हलक्या दाबानं उकलली आणि आतलं बी तपकिरी असलं, तरच शेंग तोडायची. पांढरं बी उगवत नाही. झुबके पूर्ण फुलायच्या आत मधला दांडा चिमटीत धरून बी खाली ओढलं, तर कापूस हातात राहतो आणि बी वाटीत पडतं. हा कापूस हलका, आतून पोकळ आणि मेणचट, म्हणून पाण्यावर तरंगतो. दुसऱ्या महायुद्धात जावाहून येणारा कपोक, म्हणजे एका झाडाच्या शेंगांतला कापूस, मिळेनासा झाला तेव्हा अमेरिकेत शाळकरी मुलांनी रानोमाळ हिंडून मिल्कवीडच्या शेंगा गोळा केल्या होत्या आणि खलाशांच्या जीवरक्षक जाकिटांत हाच कापूस भरला होता. आम्ही तो फेकत नाही. बाहेर तारेच्या टोपलीत ठेवतो, पक्षी घरट्यासाठी नेतात.

पेरणीत आम्ही एकदा सपशेल आपटलो. मिल्कवीडच्याच थंड प्रदेशातल्या दोन जाती आणल्या होत्या, सिरियाका आणि इन्कार्नाटा. हळदीकुंकवासारखंच त्यांचं बी कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात टाकलं. महिना गेला, एकही कोंब नाही. बी खराब निघालं असं समजून ट्रे ओतून टाकायला निघालो होतो. त्या जातींचं बी हिवाळा भोगल्याशिवाय जागं होत नाही, हे नंतर समजलं. ओल्या कागदात गुंडाळून, पिशवीत घालून, चार-पाच अंश तापमानाला फ्रीजमध्ये महिना-दीड महिना ठेवायचं. बिचाऱ्या बीला तेवढंच पटवायचं असतं की थंडी येऊन गेली. हळदीकुंकू मूळचं अमेरिकेच्या उष्ण भागातलं, त्याला याची गरज नाही. ऊब असली की आठ-दहा दिवसांत उगवतं. अर्धा सेंटीमीटर खोल, त्याहून जास्त नाही. ट्रेला पाणी खालून द्यायचं, कारण वरून ओतलं की कोवळे देठ जमिनीलगत कुजतात आणि सकाळी अख्खी रांग आडवी झालेली दिसते. मिल्कवीडच्या ट्युबरोसा या जातीचं सोटमूळ फार खोल जातं आणि हलवलेलं त्याला सोसत नाही, म्हणून तिचं बी थेट उंच पिशवीतच टोचतो.

चिकाबद्दल गांभीर्यानं सांगते. खुडलेल्या देठातून पांढरा चीक येतो. एकदा तोच हात डोळ्याला लागला, संध्याकाळपर्यंत डोळ्यापुढे धुकं. डॉक्टरांनी थेंब दिले, नीट दिसायला काही दिवस गेले. आता हातमोजे घातल्याशिवाय रोपाला कुणी हात लावत नाही, आणि लहान मुलं किंवा पाळीव जनावरं घरात असतील तर रोप कुठे ठेवायचं ते आम्ही आधी विचारतो. या चिकातली विषारी द्रव्यं अळी अंगात साठवते आणि फुलपाखरू झाल्यावरही ती तिच्यात राहतात, म्हणून एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा त्या केशरी रंगाच्या वाटेला जात नाही. पण चीक अळीलाही त्रास देतोच. मोठी अळी पानाची मधली शीर आधी कुरतडते, चीक तिथून वाहून जाऊ देते, पान लुळं पडलं की मग निवांत खाते. हे बघायला माणसं आमच्याकडे अर्धा-अर्धा तास उभी राहतात.

पिवळाधमक मावा या झाडावर येणारच. फवारणी नाही, त्यामुळे पाण्याच्या धारेनं झाडायचा किंवा बोटांनी पुसायचा, आणि त्याआधी पानाखाली अंडं नाही ना ते बघायचं. ढालकिडे आले की उरलेलं काम ते करतात.

धंद्याचं गणित बसायला तीन हंगाम लागले. एक रोप एका अळीलासुद्धा पुरत नाही, ती उपाशी दुसरीकडे सरपटत जाते आणि मरते. म्हणून आता आम्ही एकटं रोप विकत नाही, निदान चार एकत्र. कुरतडलेली रोपं पूर्वी मागे लपवायचो, आता अळ्यांसकट तीच दारात ठेवतो. बियांच्या पाकिटात बहिणीनं लिहिलेली चिठ्ठी असते. तिच्यातली पहिलीच ओळ अशी: तुमच्या भागातलं मूळचं मिल्कवीड किंवा रुई मिळत असेल तर आधी ते लावा. खप कमी होईल असं मला वाटलं होतं, ती ऐकली नाही, आणि तिचंच बरोबर होतं. जिथे मोनार्क येतात आणि कडक थंडी पडत नाही, तिथे हळदीकुंकू वर्षभर हिरवं राहतं आणि त्याच्या पानांवर मोनार्कला पंगू करणाऱ्या एका परजीवीचे बीजाणू साठत जातात. तिथल्या लोकांनी थंडीच्या सुरुवातीला झाड वीतभर ठेवून छाटावं, हेही चिठ्ठीत आहे.

पहिल्या वर्षी "काय फवारू" विचारणाऱ्यांपैकी एक काका परवा आले होते. खिशातून कागदाची पुडी काढली, त्यांच्या झाडाचं बी होतं. "मोजून दोनशे आहेत. एकही उडू दिलं नाही," म्हणाले. त्याच बियांचा ट्रे आत्ता खिडकीपाशी आहे. कालपर्यंत एकतीस उगवली होती.