मिटलेल्या ट्रेलरला करंट : आमची वाटचाल

आमचा ट्रेलर दुरुस्तीचा धंदा एका बुटक्या गॅरेजमुळे मार्गाला लागला.

२०२० चा सप्टेंबर. इंडियाना राज्यातल्या एल्खार्टमधून एका निवृत्त पोस्टमन आजोबांचा फोन आला. त्यांच्याकडे पॉप-अप ट्रेलर होता, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचं घडीचं घर. छत वर उचललं की कापडी भिंती ताणल्या जातात आणि दोन्हीकडून पलंग बाहेर सरकतात. मिटलं की छातीएवढ्या उंचीची पेटी. मिटल्यामुळेच ते त्यांच्या गॅरेजात मावायचं. मात्र वीज घ्यायची ३० अँपियरची जाड वायर आतल्या बाकाखाली गुंडाळलेली असे आणि तिथवर हात पोचायला छत उचलावं लागे. गॅरेजात छत उचलायला जागा नाही. म्हणून आजोबा दर महिन्याला ट्रेलर अंगणात आणायचे, उघडायचे, रात्रभर चार्जिंगला लावायचे आणि सकाळी पुन्हा मिटायचे. "बर्फ पडल्यावर हे कसं करू?" त्यांचा प्रश्न सरळ होता. दोन मोठ्या वर्कशॉपनी "एवढ्याशा कामाला आम्ही येत नाही" म्हणून सांगितलं होतं.

आम्हाला मात्र कुठलंही काम हवंच होतं. मी २००३ साली नोकरीसाठी इकडे आलो, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मेंटेनन्सला होतो. २०२० च्या वसंतात करोनाने ती नोकरी गेली. जुनी व्हॅन, मल्टिमीटर, वायरची टोकं दाबून बसवायचा क्रिंपिंगचा पाना आणि हिशेब बघायला बायको, एवढ्यावर घरोघरी जाऊन ट्रेलर दुरुस्ती सुरू केली. गाव बरोबर होतं. अमेरिकेतली बहुतेक फिरती घरं एल्खार्ट आणि आजूबाजूच्या भागातच तयार होतात. गंमत म्हणजे ती बांधणाऱ्या कारखान्यांत आमिश समाजाचे, म्हणजे आधुनिक सोयींपासून लांब राहणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाचे, बरेच लोक काम करतात. त्यांच्या स्वतःच्या घरात विजेच्या खांबावरून तार येत नाही, आणि दिवसभर ते दुसऱ्यांच्या घरांत सॉकेट बसवतात.

आजोबांना चार्जिंगची एवढी काळजी का, हे मला सांगावं लागलं नाही. बाबांचं मिरजेत ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान होतं. संध्याकाळी फळीवर बॅटऱ्या ओळीने चार्जिंगला लागायच्या आणि बॅटरीतल्या ॲसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर घेऊन फिरायचं काम माझ्याकडे असायचं. उतरलेली बॅटरी नुसती ठेवली तर प्लेटांवर सल्फेट धरतं आणि ती निकामी होते, हे तेव्हाच डोक्यात बसलेलं. बंद ट्रेलरमध्येही गॅसगळतीचा इशारा देणारं यंत्र चालूच असतं. ते ०.१ अँपियर जरी खात असलं तरी दिवसाला २.४ अँपियर-तास जातात. ८० अँपियर-तासांची बॅटरी महिनाभरात झोपते. त्यात इथला जानेवारी. भरलेली बॅटरी उणे ५० अंशालाही गोठत नाही, पण रिकामी झालेली उणे ७ च्या सुमारास गोठते आणि डबा तडकतो. शिवाय ट्रेलर चालत्या गाडीपासून सुटला तर इलेक्ट्रिक ब्रेक लावायला त्याची स्वतःचीच बॅटरी लागते. ती मेलेली असेल तर ब्रेकही नाही.

आजोबांच्या ट्रेलरला आम्ही पुढच्या दांड्याजवळ, मिटल्यावरही उघडी राहणारी एक जागा शोधली. तिथे झाकण असलेला १५ अँपियरचा इनलेट बसवला. त्याच्या पिना आत दबलेल्या असतात, घरातली साधी एक्स्टेंशन वायर त्यात खोचायची. तिथून एक छोटा, पाणी न शिरणारा ४ अँपियरचा चार्जर आणि चार्जरपासून बॅटरी. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज. चार्जर बॅटरीच्या डब्यात ठेवला नाही, कारण चार्ज होताना पटकन पेट घेणारा हायड्रोजन सुटतो. भोकात वायर घासू नये म्हणून ग्रोमेट, म्हणजे रबरी कडं, आणि कडेला पाणी अडवणारी चिकट ब्युटिल टेप. मूळ ३० अँपियरच्या लाइनला हातही लावला नाही.

हे शहाणपण पहिल्यापासून पक्कं होतं असं कुणाला वाटू नये. पुढच्याच एका कामात मी हुशारी केली. चेंजओव्हर स्विच, म्हणजे वीज या लाइनवरून की त्या लाइनवरून हे बदलणारं बटण, टाकून त्या छोट्या इनलेटवरून ट्रेलरचं सगळंच पॅनेल चालू केलं, म्हणजे ग्राहकाला आतले दिवेही मिळतील. नोव्हेंबरात पाणी गोठू नये म्हणून त्याने गीझरची टाकी रिकामी केली, पण गीझरचं बटण चालूच राहिलं. ट्रेलर मिटलेला, त्यामुळे आत डोकावणार कोण? वायर खोचली आणि कोरड्या टाकीत एलिमेंट जळून गेलं. पैसे आम्ही भरले. तेव्हापासून मिटलेल्या ट्रेलरमध्ये करंट जाईल तो फक्त बॅटरीला. कुणी कितीही आग्रह केला तरी याला अपवाद नाही.

दुसरी नकाराची गोष्ट त्या दुतोंडी वायरची. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून द्या, म्हणजे ट्रेलरच्या बाहेरच्या सॉकेटमधूनच उलटा करंट आत सोडता येईल, असं वर्षातून दोनतीन जण तरी म्हणतात. एक टोक भिंतीत, तर दुसऱ्या टोकाच्या उघड्या पिना हातात जिवंत. यात नातवंडाचा हात लागला की संपलं. अशा ग्राहकाला मी चहा पाजतो, वायर देत नाही.

एकदा एका घरी नवा सॉकेट तयारच होता. गावच्या वायरमनने ३० अँपियरचा म्हणून कपडे वाळवायच्या यंत्राला देतात तसा २४० व्होल्टचा जोडला होता. ट्रेलरचा तीन पिनांचा ३० अँपियर सॉकेट १२० व्होल्टचा असतो. आम्ही पोचलो तेव्हा कन्व्हर्टरमधून, म्हणजे घरच्या विजेची बॅटरीजोगी वीज करणाऱ्या यंत्रातून, धूर निघून गेलेला होता. मिरजेत २३० वर वाढलेल्या मला २४० बघून काही वावगं वाटलं नसतं, म्हणून बायकोने व्हॅनच्या दारावर आतून मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावली : आधी मोजा. ती अजून आहे.

करोनाच्या काळात लोक विमान सोडून ट्रेलरकडे वळले. २०२१ मध्ये अमेरिकेत ६ लाखांहून जास्त फिरती घरं कारखान्यांतून बाहेर पडली. आम्ही दुसरी व्हॅन घेतली, दोन मुलं कामाला ठेवली. २०२३ मध्ये तोच आकडा सव्वातीन लाखांच्या खाली आला. नव्या ट्रेलरला जोडणी करून द्यायची कामं आटली, दुसरी व्हॅन विकली आणि एका मुलाला दुसरीकडे काम शोधून दिलं. ते वर्ष घरात फार बोलायचं नाही असं होतं. जुने ट्रेलर मात्र गॅरेजात होतेच आणि त्यांच्या बॅटऱ्या उतरत होत्याच. दोनअडीच तासांच्या त्या छोट्या कामानेच आम्हाला तारलं.

आता लिथियमवाले ग्राहक वाढलेत. त्या बॅटरीला शून्य अंशाच्या खाली चार्ज करायचं नसतं, त्यामुळे जुना इनलेट तोच ठेवला तरी चार्जर बदलावा लागतो आणि थंडीत चार्जिंग आपोआप तोडणारी बॅटरी आहे ना, हे आधी बघावं लागतं. काहींना हिवाळ्यात ती घरात आणून ठेवा, एवढंच सांगून परत येतो. त्याचे पैसे घेत नाही.

पोस्टमन आजोबांचा मागच्या आठवड्यात फोन आला. इनलेटच्या झाकणाची स्प्रिंग तुटली आहे. शनिवारी जाणार आहे.