समुद्रगरुड, नोंद ३ : पत्रा ठरला, ३१६एल

समुद्रगरुडाच्या शिल्पाचे कागदी साचे पूर्ण झाले, चोच आणि नख्यांचे मातीचे नमुने तयार आहेत, आणि आता पिसांचा पत्राही ठरला : स्टेनलेस स्टील, ग्रेड ३१६एल. गरुड गुहागरला मित्राच्या अंगणात बसणार आहे. समुद्र हाकेच्या अंतरावर, पंख पसरलेले, रुंदी खऱ्या पक्ष्याइतकी म्हणजे दोन मीटरच्या आसपास. हे शिल्प पुण्यातल्या दिवाणखान्यात ठेवायचं असतं तर ३०४ हा नेहमीचा ग्रेड घेऊन मोकळा झालो असतो.

३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. क्रोमियममुळे पृष्ठभागावर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर तयार होतो आणि तोच धातूला सांभाळतो. खाऱ्या हवेतला क्लोराइड नेमका हा थर जागोजागी फोडतो आणि टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडू लागतात. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, ते या भोकांना आवर घालतं. तुलनेसाठी एक सोपं सूत्र आहे, आकडा जितका मोठा तितकी भोकं पडायची भीती कमी : क्रोमियमचे टक्के, अधिक मॉलिब्डेनमचे ३.३ पट, अधिक नायट्रोजनचे १६ पट. ३०४ चा आकडा १८-१९ च्या घरात येतो, ३१६ चा २४ च्या आसपास. शिकागोतलं अनिश कपूर यांचं ‘क्लाउड गेट’ ३१६एलच्या १६८ पत्र्यांचं आहे, आणि तिथे तर समुद्रही नाही.

‘एल’ म्हणजे कार्बन ०.०३ टक्क्यांच्या आत. शेकडो पिसं टिग वेल्डिंगने जोडायची म्हणजे जागोजागी वेल्डचे टाके. कार्बन जास्त असला तर साधारण ४५० ते ८५० अंश सेल्सियसच्या पट्ट्यात तो क्रोमियमला धरून कणांच्या सीमेवर बसतो आणि टाक्याशेजारची जागा गंजाला उघडी पडते. १.२ मिलिमीटर पत्र्याला हा धोका तसा कमी, कारण तो पटकन थंड होतो. पण बाजारात ३१६एल सहज मिळतो, मग कंजूषी कशाला? सांध्यात वितळवून भरायची सळई, म्हणजे फिलर रॉडही ३१६एलचीच.

खरेदीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण ‘चुंबक लावून बघ, चिकटला नाही तर चांगला’ हा सल्ला अजून सर्रास दिला जातो. चुंबकाने ४३० हा चिकटणारा ग्रेड ओळखता येतो, बस. २०२, ३०४ आणि ३१६ हे तिन्ही नव्या पत्र्यात चुंबकाला जवळपास दाद देत नाहीत. उलट अस्सल ३०४ वाकवला-ठोकला की थोडा चिकटायला लागतो. २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं. नवा असताना तो तसाच चकचकीत दिसतो, कोकणात मात्र लवकर डागाळतो. म्हणून मुंबईच्या गुलालवाडीत पत्रा घेताना टेस्ट सर्टिफिकेट मागितलं आणि त्यावरचा हीट नंबर (धातूच्या घाण्याचा क्रमांक) पत्र्यावरच्या छापाशी जुळवला. कापलेल्या तुकड्यांवर छाप उरत नाही. तिथे मॉलिब्डेनम ओळखायचं किट कामाला येतं : द्रावणाचा थेंब टाकायचा, नऊ व्होल्टच्या बॅटरीची तार टेकवायची आणि रंग बघायचा. शेजारी खात्रीचा ३०४ चा तुकडा ठेवून तुलना केली की शंका उरत नाही. ३१६एलचा भाव ३०४ च्या दीडपटीच्या आसपास पडतो. या आकाराला तो परवडतो, कारण १.२ मिलिमीटर पत्रा चौरस मीटरला साडेनऊ किलोच भरतो.

ग्रेड ठरला तरी खरा पेच पिसांचा होता. एकावर एक पिसं बसवली की मध्ये चिंचोळ्या फटी राहतात. तिथे खारं पाणी साचतं, ऑक्सिजन पोचत नाही, ऑक्साइडचा थर पुन्हा धरत नाही, आणि अशा फटीत ३१६ सुद्धा गंजतो. त्यामुळे पिसांची मांडणी बदलली. प्रत्येक पीस मुळाशी पूर्ण वेल्ड, टोकाकडे बोटभर उचललेलं, म्हणजे पाऊस आतून वाहून जाईल. पोटाखाली निचऱ्याची भोकं आहेत. पंखांची खालची बाजू पावसाने धुतली जात नाही, म्हणून ती गोड्या पाण्याने धुवायची हे मित्राकडून कबूल करून घेतलं आहे.

पृष्ठभागाचंही तेच. ८० ग्रिटच्या, म्हणजे जाड दाण्याच्या घासणीच्या खोल रेघांनी पिसांचा पोत सुंदर उमटतो, मोह फार होतो. पण त्या रेघांत मीठ धरून बसतं आणि चहा सांडल्यासारखे तपकिरी डाग पडतात. पंखांना बारीक दाण्याचं ३२० ग्रिट द्यायचं ठरवलं, रेघा पाणी उतरतं त्या दिशेने. पोट आरशासारखं बफ. या पक्ष्याचं पोट पांढरं आणि पंख राखाडी असतात, त्यामुळे पॉलिशमधला हा फरक शिल्पालाही शोभतो. टाक्यांवरची निळी-सोनेरी झाक मला अतिशय आवडते, तरी ती काढणार आहे. तिच्याखालच्या थरात क्रोमियम घटलेलं असतं. ती काढायच्या पिकलिंग पेस्टमध्ये हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं, तेव्हा हातमोजे, चेहऱ्याची ढाल आणि या आम्लाच्या इजेवर लावायचं कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी असल्याशिवाय डबा उघडू नये.

लोखंडाचं काम या खोलीतून हलवलं आहे. ब्रश, फ्लॅप डिस्क, कानस सगळं स्टेनलेससाठी वेगळं. लोखंडाचा उडालेला कण पत्र्यावर रुतला की तिथूनच गंज सुरू होतो. आतला सांगाडाही ३१६ च्या पाइपचा.

पुढच्या नोंदीत डावा पंख. हे स्टेनलेस माइल्ड स्टीलपेक्षा (साध्या लोखंडी पत्र्यापेक्षा) जास्त प्रसरण पावतं आणि उष्णता बरीच कमी वाहून नेतं, त्यामुळे पातळ पत्रा लगेच वाकतो. टाके आलटून पालटून, मागे तांब्याची पट्टी धरून घालणार आहे. चौथऱ्याचे बोल्ट ए४, म्हणजे ३१६ च्या कुळातले, मागवले आहेत. ए२ म्हणजे ३०४ च्याच कुळातले, ते इथे चालणार नाहीत.