दोन चंद्र आणि एकशे नव्वद दिवसांचं वर्ष

दिवाळी अंकासाठी दीर्घकथा लिहायला घेतली तेव्हा माझ्याकडे एक बंदर होतं, भरतीचं वेळापत्रक मांडणारी एक पन्नाशीची बाई होती आणि आकाशात दोन चंद्र होते. ग्रह कुठला, तारा कुठला, काही ठरलेलं नव्हतं. संपादक फोनवर म्हणाले, "विज्ञानकथा म्हणून छापतोय, आकडे तपासणारे वाचक असतात हं." मग लिहिणं बाजूला ठेवलं आणि वही-कॅल्क्युलेटर घेऊन आधी ग्रहमाला बांधायला बसले.

सुरुवात ग्रहापासून करता येत नाही, ताऱ्यापासूनच करावी लागते. ताऱ्याचं वस्तुमान ठरलं की त्याचं तेज ठरतं, तेजावरून ग्रहाचं अंतर आणि अंतरावरून वर्ष. एवढी साखळी एकदा जुळली की पुढे आपल्या हातात फार थोडं उरतं.

पहिला मोह लाल बटू ताऱ्याचा. ट्रॅपिस्ट-१ भोवतीचे सात ग्रह २०१७ साली जाहीर झाले तेव्हापासून ती ग्रहमाला माझ्या डोक्यात होती. अंतर सुमारे ४० प्रकाशवर्षं, तारा आपल्या सूर्याच्या जेमतेम ९ टक्के वस्तुमानाचा, आणि सातही ग्रहांची वर्षं दीड ते एकोणीस दिवसांची! पण इतक्या जवळचा ग्रह बहुधा ताऱ्याकडे एकच तोंड करून जखडलेला असतो. एका बाजूला कायमचा दिवस, दुसरीकडे कायमची रात्र. अशा ग्रहांवर कथा खूप झाल्या आहेत, आणि खरं सांगायचं तर मला सकाळ-संध्याकाळ हवी होती. ज्या बंदरात पहाट होत नाही तिथे होड्या बाहेर पडायच्या कधी? शिवाय असे तारे मधूनच भडकतात. तो विचार सोडला.

मग नारिंगी ताऱ्यांकडे वळले. साडेदहा प्रकाशवर्षांवरचा एप्सिलॉन एरिडानी नमुना म्हणून समोर ठेवला. माझा तारा त्याच्याच जातीचा: वस्तुमान सूर्याच्या ०.८ पट, तेज ०.३६ पट. तेजाचं वर्गमूळ ०.६, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या ०.६ पट अंतरावर ग्रह ठेवला की त्याला पृथ्वीइतकीच ऊब मिळते. पुढे ग्रहाच्या अंतरावरून त्याचं वर्ष काढून देणारा केप्लरचा तिसरा नियम, १६१९ सालचा. अंतराचा घन ०.२१६, भागिले वस्तुमान ०.८, आले ०.२७. त्याचं वर्गमूळ ०.५२, म्हणजे पृथ्वीच्या वर्षाच्या ०.५२ पट. वर्ष १९० दिवसांचं.

दिवस मी चोवीस तासांचाच ठेवला, वाचकाला किती त्रास द्यायचा! तरीही १९० दिवसांच्या वर्षाने कथेची घडी बदलली. चार ऋतू धरले तर प्रत्येकी ४७ दिवस. ज्वारीला १०० ते १२० दिवस लागतात, म्हणजे पेरणी वसंतात केली तर कणसं भरेपर्यंत थंडी दारात. आडसाली ऊस लावला तर तोडणीपर्यंत तिथली अडीच वर्षं उलटणार. साठ-सत्तर दिवसांत येणारा मूग आणि पालेभाज्या निभावतील, बाकी पोटाला मासळी. वसाहत समुद्रकाठीच का वसली, याचं कारण मला शोधावं लागलं नाही.

बाकीचे ग्रह भराभर झाले. पृथ्वी-सूर्य अंतराच्याच मापात, आत ०.२५ वर एक भाजलेला खडक, वर्ष ५१ दिवसांचं. बाहेर १.० वर मंगळापेक्षा थोडा थंड ग्रह, ४०८ दिवसांचा. त्याही पलीकडे २.५ वर गुरूएवढा वायुग्रह. तारा मंद असल्यामुळे बर्फ टिकण्याची हद्द साधारण १.६ वरच सुरू होते, त्यामुळे त्याची जागा शोभते. हा राक्षस प्रतियुतीला, म्हणजे आकाशात ताऱ्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला असताना, आपल्या शुक्राच्या तोडीचा चमकतो, तोही मध्यरात्री डोक्यावर. आपला शुक्र तिथे कधीच पोचत नाही. कोळ्यांना दिशा दाखवायला आयता तारा मिळाला.

पाहावं म्हणून या राक्षसाची कक्षा मी जरा जास्तच लांबट केली, उत्केंद्रता ०.४. मग 'रिबाउंड' नावाच्या फुकट मिळणाऱ्या पायथन लायब्ररीत ग्रहमाला भरून काही लाख वर्षं पुढे पळवली. (पायथन मला भाच्याने शिकवलं. मावशीचे ग्रह एकमेकांवर आपटतात का, हे बघायला तो माझ्यापेक्षा उत्सुक होता.) राक्षसाच्या ओढीने माझ्या ग्रहाची कक्षाही ताणली जायला लागली, इतकी की ताऱ्याजवळ असताना मिळणारी ऊब दूर असतानाच्या तिप्पट. शेजारचा थंड ग्रह तर थेट माझ्या ग्रहाची वाट ओलांडायला लागला. उत्केंद्रता ०.०५ वर आणल्यावर सगळे आपापल्या जागी नांदू लागले.

आता चंद्र. सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, आणि सगळ्यात जास्त मजाही इथेच आली.

ताऱ्याच्या इतक्या जवळ ग्रह असला की चंद्र सांभाळण्याची त्याची हद्द आखडते. माझ्या ग्रहाची हद्द सुमारे पावणेदहा लाख किलोमीटर निघाली, आणि तीतला आतला अर्धा भागच दीर्घकाळ भरवशाचा. थोरला चंद्र आपल्या चंद्रासारखाच, ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर ठेवला. तिथे तो बसतो. धाकटा त्याच्या एक तृतीयांश अंतरावर. भरतीची ओढ अंतराच्या घनाने वाढते, म्हणून थोरल्याएवढाच गोळा तिथे ठेवला तर ओढ २७ पट होते आणि बंदर राहतच नाही. मग धाकट्याचं वस्तुमान सत्तावीसावा हिस्सा केलं. घनता तीच ठेवली तर व्यास होतो एक तृतीयांश. अंतरही एक तृतीयांश, व्यासही एक तृतीयांश. म्हणजे आकाशात दोघे दिसायला सारखेच! एक सव्वापाच दिवसांत फेरी मारतो, दुसरा सत्तावीस दिवसांत, पण नुसतं बघून थोरला कोण नि धाकटा कोण, हे नवख्याला सांगता येणार नाही. हे मी ठरवलेलं नव्हतं, गणितातून निघालं. धाकटा आपल्या चंद्रापेक्षा बराच वेगाने दूर सरकत राहील (आपला वर्षाला ३.८ सेंटिमीटर सरकतो), पण माझ्या कथेतल्या माणसांना कोट्यवधी वर्षांची काळजी नाही.

खरी गंमत ताऱ्याने केली. आपल्याकडे सूर्याची भरतीची ओढ चंद्राच्या निम्म्याहून कमी. तिथे तारा जवळ, म्हणून त्याची ओढ सूर्याच्या ३.७ पट, आपल्या चंद्राच्या १.७ पट. चंद्रांची प्रत्येकी १. तिघे एका रेषेत आले तर बेरीज ३.७, दोन्ही चंद्र ताऱ्याच्या काटकोनात गेले तर १.७ आणि २ एकमेकांना खातात, उरतात ०.३. आपल्याकडे उधाणाची भरती भांगाच्या, म्हणजे सगळ्यात कमी चढणाऱ्या, भरतीच्या पावणेतीन पट असते, तिथे बारा पट. किनाऱ्याचा आणि तळाचा आकार यात धरलेला नाही, त्यावर खूप काही अवलंबून असतं. तरी एवढं नक्की, की थोरल्याच्या प्रत्येक अमावस्या-पौर्णिमेला, साधारण सोळा दिवसांनी, मोठं उधाण येणार आणि मधल्या काही दिवशी पाणी जागचं हलणारही नाही. धाकटा त्या दिवशी नेमका कुठे आहे, यावर उधाणाचा जोर ठरणार. अशा गावात भरतीचं वेळापत्रक मांडणाऱ्या बाईचा शब्द सरपंचाच्या वर चालतो. कथानक तिथेच मिळालं: वेळापत्रक गुपित ठेवायचं की भिंतीवर लावायचं.

एक गोष्ट मात्र सोडावी लागली. शेवटाला मला खग्रास सूर्यग्रहण हवं होतं. तारा लहान असला तरी जवळ असल्याने त्याचं बिंब आपल्या सूर्यापेक्षा जवळजवळ पाव पटीने मोठं दिसतं, आणि चंद्र आपल्या चंद्राएवढेच. तिथे खग्रास होतच नाही, फार तर कंकणाकृती. मग शेवट उधाणावर नेला, आणि मला तो जास्त पटतो.

नावांचा घोळ वेगळाच. २०१९ साली भारताच्या वाट्याला आलेल्या एका ताऱ्याला शास्त्रज्ञ बिभा चौधरी यांच्यावरून 'बिभा' आणि त्याच्या ग्रहाला 'संतमस' हे नाव दिलं गेलं. ती नावं सुरेख आहेत, पण आकाशगंगेच्या टोकाला जाऊन राबणारी माणसं संस्कृत कोश उघडून बसतील असं मला वाटत नाही. ती 'खुर्द' आणि 'बुद्रुक'च म्हणतील. म्हणून आतला खडक खुर्द, राक्षस बुद्रुक.

चित्रकाराने पहिलं चित्र पाठवलं त्यात आकाश केशरी, तारा संत्र्याच्या रंगाचा आणि क्षितिजावर अर्धं आकाश व्यापणारा बुद्रुक. त्याला लिहिलं, की हा तारा पाच हजार केल्व्हिनच्या आसपासचा आहे. जुन्या पिवळ्या बल्बची तार सत्तावीसशेची असते, त्यामानाने हा पांढराच दिसेल, आणि बुद्रुक एक ठिपका. तो म्हणाला, ठिपक्यावर कोण अंक उचलेल? शेवटी तारा पांढरा झाला, दोन्ही चंद्र एका मापाचे झाले, बुद्रुक सुपारीएवढा राहिला. संपादकांनी माझा आकड्यांचा तक्ता काढून टाकला, १९० दिवस आणि सोळा दिवस एवढेच आकडे कथेत ठेवले.