एकच शब्द चार वह्यांत

ह्यूस्टनहून नागपूरला येताना एक बॅग निम्मी पुस्तकांनीच भरली होती. मुलगा आठ वर्षांचा, मुलगी सहाची, आणि दोघांनाही आम्ही घरीच शिकवतो. सहा आठवडे धरमपेठेत आईकडे राहायचं, तर अभ्यास सोबत आणावाच लागला.

इथे पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच असतो: शाळेत न घालणं तिकडे चालतं का? टेक्सासमध्ये चालतं. १९९४ साली लीपर खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने घरची शाळा ही खासगी शाळाच धरली. अट एवढीच की ठरलेला अभ्यासक्रम हवा, आणि त्यात वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित आणि चांगलं नागरिकत्व हे पाच विषय हवेत. पाचातले तीन भाषेचे. तीन नावं दिसली म्हणून मी तीन पुस्तकं घेतली, वर हस्ताक्षराचं चौथं. माझी चूक तिथे झाली, आणि ती कळायला मला नागपूरला यावं लागलं.

जानेवारीतली सकाळ होती. अंगणात सतरंजी टाकून मुलगा लिहीत बसला होता, आई शेजारी संत्री सोलत होती. त्या दिवशी धडा होता ‘श’च्या आवाजाचा. वाचनाच्या वहीत त्याने शिप, शॉप, फिश लिहिलं. मग स्पेलिंगच्या यादीत तेच. मग हस्ताक्षराच्या वहीत तेच, चार रेघांत. व्याकरणाच्या पुस्तकात तर वाक्यच माशावर होतं, त्यातलं नाम शोधून पुन्हा लिहायचं होतं. चौथ्या वहीला त्याने पेन्सिल खाली ठेवली.

आईने पहिली-दुसरीला एकतीस वर्षं शिकवलंय. ती म्हणाली, “मघापासून हा एकच शब्द लिहून राहिला. कायले?”

“आई, विषय वेगवेगळे आहेत.”

“विषय असतील. हात तर एकच आहे न त्याचा.”

दुपारी तिने जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून रकाने आखले. आवाजावरून शब्द वाचणं, ऐकून लिहिणं, अक्षर वळणदार काढणं, वाक्य ओळखणं, ऐकलेलं आपल्या शब्दांत सांगणं. मग एकेक पुस्तक मधूनच उघडायला लावलं. मुखपृष्ठावर काय लिहिलंय ते बघू नको, मुलगा त्या पानावर हाताने काय करतो ते सांग, म्हणाली, आणि मी सांगेन त्या रकान्यात खूण करत गेली. त्या खुणांनी माझे डोळे उघडले. वाचनाच्या पुस्तकात प्रत्येक धड्याच्या शेवटी श्रुतलेखन होतं, म्हणजे स्पेलिंग आधीच त्यात होतं. व्याकरणाच्या पुस्तकात उतारे बघून लिहायचे होते, म्हणजे मुलाचं हस्ताक्षर त्यात होतंच. सांगण्याच्या रकान्यात मात्र एकही खूण नव्हती. चार पुस्तकं विकत घेऊन मुलाला बोलायला लावणारं एकही नव्हतं!

स्पेलिंगचं पुस्तक काढून टाकायचं का, यावर आम्ही बराच वेळ बोललो. इंग्रजीत अक्षरं २६ आणि आवाज सुमारे ४४, त्यामुळे वाचता येणं आणि बिनचूक लिहिता येणं यात अंतर पडतं. मूल आज जो शब्द सहज वाचतं, तो न बघता लिहायला त्याला पुढे बरेच दिवस लागतात. म्हणून स्पेलिंग ठेवलं, पण वाचनाच्या सहा आठवडे मागे. ‘श’चे शब्द त्याला स्पेलिंगमध्ये भेटतील तेव्हा ते जुने झालेले असतील आणि ती उजळणी ठरेल. त्याच सकाळी तेच शब्द पुन्हा लिहिण्याने फक्त बोटं दुखतात. वाचनाच्या धड्याखालचं श्रुतलेखन आम्ही सरळ गाळलं.

सहा वर्षांच्या मुलीसाठी निर्णय सोपा होता. वाचन आणि अक्षरवळण, बस. व्याकरण तोंडी, जेवताना. शार्लट मेसन या इंग्रज शिक्षिकेने (१८४२–१९२३) लहान मुलांचे धडे छोटे ठेवायला आणि एकदा वाचलेलं मुलांकडून सांगून घ्यायला सांगितलं होतं. मला ते माहीत होतं, पण वेळापत्रकात जागाच उरत नव्हती. आता रात्री आजीची गोष्ट झाली की दुसऱ्या दिवशी ती मुलीने सांगायची. आई लहान असताना तान्ह्या पोळ्याला, म्हणजे लाकडी बैल घेऊन मुलं साजरा करतात त्या पोळ्याला, तिचा चाकांचा बैल हरवला होता, ती गोष्ट मुलीने मला परवा अर्धी मराठीत, अर्धी इंग्रजीत सांगितली. बैलाचं चाक कुठे सापडलं हेसुद्धा विसरली नाही.

मराठीचं वेगळं पुस्तक मी घेणार होते, तेही आईने थांबवलं. बाराखडी पक्की झाली की बहुतेक शब्द वाचता येतात. अडचण येते ती वेगळीच, ‘चार’ या आकड्यातला ‘च’ आणि चाऱ्यातला ‘च’ लिहायला सारखे पण बोलायला निराळे. ते कानानेच येतं. आम्ही मेट्रोत बसून सीताबर्डीहून निघतो आणि मुलगी पाट्या वाचते: काँग्रेस नगर, रहाटे कॉलनी, अजनी चौक. ‘चौक’मधला ‘च’ तिने आधी चहासारखा वाचला. शेजारच्या काकूंनी दुरुस्त केला, आणि घरी येईपर्यंत ती तो शब्द घोळवत होती.

हस्ताक्षराच्या वह्यांपैकी मुलाची वही आईकडेच राहणार आहे. पाठकोऱ्या पानांवर ती दूधवाल्याचा हिशेब लिहिते. मुलीची वही परत न्यायची, कारण तिचा इंग्रजी ‘एस’ अजून उलटा वळतो.